आयसिस तुरुंगात वाढली, त्याबद्दलही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या घरी बरीच वर्षं येतो, त्यामुळे हक्काने लिहितोय. आयसिसची बातमी आपल्याकडे दोनच प्रकारे येते. एक, कुठेतरी स्फोट झाला नि एवढे मेले. दुसरी, म्होरक्या ठार, संघटनेचं कंबरडं मोडलं. ही दुसरी बातमी २००६ ला आली, २०१० ला आली, २०१९ ला आली, २०२२ मध्ये एकाच वर्षात दोनदा आली नि २०२३ ला परत आली. दरवेळी आपण वाचतो, बरं झालं म्हणतो आणि पान उलटतो. मग दोन-तीन वर्षांनी मॉस्कोत नाहीतर काबूलमध्ये माणसं मरतात तेव्हा परत नव्याने "ही कोण संघटना" अशी चौकट छापून येते आणि त्या चौकटीत २०१४ च्या आधीचं अक्षरही नसतं. ही संघटना २०१४ मध्ये आभाळातून पडली नाही हो. तिला तेव्हाच पंधरा वर्षं होत आली होती, आणि त्या वर्षांतला मोठा भाग तिने तुरुंगात काढलाय. हे लोकांना सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, छापताना हवं ते कापा पण मधला भाग कापू नका.

सुरुवात जॉर्डनमधल्या झरका नावाच्या गावापासून. कारखान्यांचं, गरीब वस्तीचं शहर. तिथला १९६६ साली जन्मलेला एक मुलगा, शाळा अर्धवट सोडलेला, दारू, मारामाऱ्या, हातावर टॅटू. पुढे धार्मिक झाला, १९८९ मध्ये अफगाणिस्तानात गेला तर तोपर्यंत रशियन फौजा निघूनसुद्धा गेल्या होत्या. परत आला, १९९४ मध्ये हत्यारांच्या केसमध्ये पकडला गेला आणि पंधरा वर्षांची शिक्षा लागली. हाच तो अबू मुसाब अल झरकावी. जेलमध्ये त्याच्याबरोबर मकदिसी नावाचा त्याचा गुरू होता, पुस्तकं लिहिणारा विद्वान माणूस. पण कैदी हळूहळू गुरूला सोडून चेल्याच्या मागे गेले, कारण चेला वॉर्डनशी भांडायचा, पोरांना शिस्त लावायचा, आजारी कैद्याची सेवा करायचा नि ऐकलं नाही तर मारायचाही. १९९९ मध्ये नवीन राजा गादीवर आला, त्याने सार्वत्रिक माफी दिली आणि त्यात हा सुटला. पंधरातली जेमतेम पाच वर्षं भोगून. आत गेला तेव्हा गल्लीतला दादा होता, बाहेर आला तो टोळीचा नेता होऊन.

तिथून तो परत अफगाणिस्तानात, हेरातजवळ स्वतःचा कॅम्प. बिन लादेनशी ओळख झाली पण त्याच्या हाताखाली गेला नाही, दोघांचं पटतच नव्हतं. लादेनचा शत्रू अमेरिका, याच्या डोक्यात शिया. हा फरक लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मग अमेरिकेने अफगाणिस्तानवर हल्ला केल्यावर हा इराणमार्गे उत्तर इराकच्या डोंगरात. आणि ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत उभं राहून याचं नाव घेतलं, सद्दाम आणि अल कायदा यांच्यातला दुवा म्हणून. तो दुवा नंतर खरा निघाला नाही, पण ज्याला जॉर्डनच्या बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं तो माणूस एका दिवसात जगभर माहीत झाला. पैसा आणि पोरं आपोआप यायला लागली.

आता मे २००३. बगदाद पडलंय आणि पॉल ब्रेमर नावाचे अमेरिकन प्रशासक येतात आणि दोन आठवड्यांच्या आत दोन आदेश काढतात. पहिला, सद्दामच्या बाथ पार्टीच्या वरच्या पदांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढा. दुसरा, इराकी सैन्य बरखास्त. म्हणजे चार लाखांच्या आसपास माणसं, ज्यांना हत्यार चालवता येतं आणि गोदामं कुठे आहेत ते माहितीये, ती सगळी एका फटक्यात घरी बसवली. त्यात हजारो सुन्नी अधिकारी. बाथ पार्टीचं कार्ड तर शाळामास्तरलासुद्धा नोकरीसाठी घ्यावं लागायचं, ते मास्तरपण गेले. मी काही सद्दामची बाजू घेत नाही, त्याने कुर्दांचं नि शियांचं काय केलं ते सगळ्यांना माहितीये, पण राज्य चालवणारी माणसं अशी एका सहीने रस्त्यावर आणल्यावर ती कुठे जाणार होती?

झरकावीला तेच पाहिजे होतं. ऑगस्ट २००३ या एका महिन्यात बघा काय काय झालं. ७ तारखेला बगदादमधल्या जॉर्डनच्या दूतावासावर बॉम्ब. १९ तारखेला कॅनाल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या ऑफिसवर ट्रक घातला, तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासकट २२ जण गेले. २९ तारखेला नजफला इमाम अलींच्या दर्ग्याबाहेर शुक्रवारच्या नमाजानंतर स्फोट, शियांचे मोठे नेते आयातुल्ला बाकिर अल हकीम आणि त्यांच्याबरोबर किती तरी साधी माणसं गेली. दूतावास हाकला, मदत करणारे हाकला आणि शियांना एवढं चिडवा की ते सुन्नींवर तुटून पडतील, मग घाबरलेले सुन्नी आपल्याकडे येतील. हा प्लॅन त्याने स्वतः अल कायदाला लिहिलेल्या पत्रात मांडला होता, ते पत्र २००४ च्या सुरुवातीला पकडलं गेलं. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने लादेनची बैअत घेतली, म्हणजे निष्ठेची शपथ, आणि त्याची टोळी अल कायदाची इराक शाखा झाली, हीच पुढे आयसिस. पण स्वभाव तोच. २००५ मध्ये अल कायदाचा दोन नंबरचा नेता जवाहिरीने पत्र पाठवून समजावलं की बाबा हे गळे कापायचे व्हिडिओ नि शिया मशिदींवरचे हल्ले बंद कर, सामान्य मुसलमान आपल्यापासून लांब जातोय. म्हणजे अल कायदालाही जास्त झालं ते! ऐकलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये अम्मानमधल्या तीन हॉटेलांत स्फोट, एका ठिकाणी तर लग्न चालू होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये समाराच्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी मशिदीचा सोन्याचा घुमट उडवला आणि इराकमध्ये शिया-सुन्नी अशी कापाकापी सुरू झाली की बगदादचे मोहल्लेच्या मोहल्ले रिकामे झाले. जूनमध्ये अमेरिकेने त्याला बॉम्ब टाकून मारलं. पहिलं कंबरडं.

आता जेलकडे परत येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. इराकच्या दक्षिण टोकाला, उम्म कसर बंदराजवळ, अमेरिकेने एक कॅम्प उभा केला होता, कॅम्प बुका. वाळवंटात तंबू नि तारेची कुंपणं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या न्यूयॉर्कच्या एका फायर मार्शलचं नाव त्याला दिलेलं. एके काळी तिथे वीस हजारांच्या वर माणसं कोंडलेली होती. त्यात खरे दहशतवादी होते, सद्दामच्या सैन्यातले कर्नल-मेजर होते आणि छाप्यात चुकीच्या वेळी चुकीच्या घरात सापडलेली पोरंही होती. सगळी एकत्र. बाहेर बगदादमध्ये हे लोक एकमेकांना भेटायला गेले असते तर मारले गेले असते, इथे मात्र अमेरिकन पहाऱ्यात, दोन वेळचं जेवण मिळून, महिनोन्महिने भेटीगाठी. आतून आलेल्या एकाने पुढे पत्रकाराला सांगितलं की सुटताना एकमेकांचे फोन नंबर नि गावं ते चड्डीच्या इलॅस्टिकवर लिहून न्यायचे, घरी गेले की ती पट्टी कापून काढायची आणि फोन लावायचे. अशी ती संघटना परत जोडली गेली, एकेक नंबर करत.

फेब्रुवारी २००४ मध्ये फलुजात पकडलेला समाराचा एक माणूस याच बुकात होता. धर्मशास्त्र शिकणारा, कमी बोलणारा, कैद्यांची भांडणं मिटवतो म्हणून पहारेकऱ्यांनाही बरा वाटणारा. डिसेंबरमध्ये त्याला सोडून दिला, धोकादायक नाही म्हणून. तो अबू बकर अल बगदादी, पुढे आयसिसचा प्रमुख. सद्दामच्या हवाई संरक्षण दलातला माजी कर्नल हाजी बकर तिथलाच. पुढे आयसिसचा प्रवक्ता झालेला अदनानी तिथलाच. आणि अबू मोहम्मद अल जोलानी, जे पुढे बगदादीशी फुटले, लढले आणि आज अहमद अल शरा या नावाने सीरियाचे राष्ट्राध्यक्ष आहेत, तेही बुकात राहून आलेले. एवढी माणसं एका तंबूच्या गावात, आणि आपल्या पेपरांत कॅम्प बुका हे नाव मी क्वचित वाचलंय.

मधे एक वेळ अशी आली होती की हे सगळं खरंच संपत आलं होतं, आणि ते संपवलं होतं सुन्नींनीच. अनबार प्रांतातल्या टोळ्यांना या लोकांचा जाच असह्य झाला, पोरी मागायचे, शेखांना मारायचे, स्मगलिंगचे रस्ते बळकवायचे. २००६ पासून शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्यासारखे लोक उभे राहिले, अमेरिकेने महिन्याला तीनशे डॉलरच्या आसपास पगार देऊन लाखभर माणूस उभा केला, सहवा म्हणतात त्यांना. अबू रिशांना २००७ मध्ये बॉम्बने मारलं तरी लोक हटले नाहीत. २०१० च्या एप्रिलमध्ये संघटनेचे दोन्ही प्रमुख तिक्रितजवळ एकाच छाप्यात मेले. बगदादीच्या हातात आली तेव्हा संघटनेत जीव उरला नव्हता.

आणि मग काय केलं? सहवाच्या माणसांना सांगितलं होतं की वीस टक्क्यांना सैन्यात-पोलिसात घेऊ, बाकीच्यांना दुसऱ्या नोकऱ्या देऊ. इराकचे शिया पंतप्रधान नूरी अल मलिकी यांच्या सरकारने पगार लटकवले, नोकऱ्या थोड्यांनाच दिल्या, काहींवर जुन्या केसेस काढल्या. शेवटचा अमेरिकन सैनिक डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी देशाच्या सुन्नी उपराष्ट्राध्यक्षांवर वॉरंट निघालं. ज्यांनी जीव धोक्यात घालून दहशतवाद्यांशी लढाई केली ती माणसं एकटी पडली आणि आयसिसने त्यांची यादी करून एकेकाला घरी जाऊन मारलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा येतो. झरकावीच्या क्रूरपणाचं काय, तो तसाच होता. पण ज्यांनी शब्द दिला होता त्यांनी तो पाळला असता तर मोसुल शहर पुढे आयसिसच्या हातात पडलं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१२ च्या जुलैत बगदादीने जाहीर केलं की आता तुरुंगाच्या भिंती फोडायच्या. वर्षभर तेच चाललं. २१ जुलै २०१३ च्या रात्री बगदादजवळच्या अबू गरीब तुरुंगावर गाड्या, मॉर्टर, आत्मघाती, सगळं घेऊन गेले आणि पाचशेच्या वर कैदी पळाले, त्यात मुरलेले कमांडर. तोपर्यंत शेजारी सीरियात राष्ट्राध्यक्ष असदच्या विरोधातला उठाव यादवीत गेला होता. हाजी बकर सीरियात गेला, तल रिफात गावात राहिला, २०१४ च्या जानेवारीत तिथल्या बंडखोरांनी त्याला मारलं आणि त्याच्या घरात हाताने काढलेले तक्ते सापडले. ते एका जर्मन साप्ताहिकाने छापले. त्यात धर्म शोधावा लागतो. गावात एक धर्मप्रसाराचं ऑफिस उघडा, तिथे येणाऱ्यांतून एक-दोघं हेर निवडा, गावात वजनदार घरं कोणती, त्यांचं उत्पन्न कशातून, कोणाचं काय लफडं आहे म्हणजे दबाव टाकता येईल, कोणत्या घरात सोयरीक करायची. हे कर्नलचं काम आहे, सद्दामच्या हेरखात्याची पद्धत. वरून काळा झेंडा, आतून ही फाइल.

१० जून २०१४ ला मोसुल पडलं. कागदावर तिथे हजारो सैनिक होते, हल्ला करणारे त्यांच्या मानाने मूठभर. नंतर नवे पंतप्रधान हैदर अल अबादी यांनी संसदेत सांगितलं की सैन्यात पन्नास हजार माणसं फक्त पगारपत्रकावर आहेत, प्रत्यक्षात नाहीतच! पगार वरचे अधिकारी खात होते. त्याच दिवशी मोसुलजवळचा बदूश तुरुंग फोडला. यावेळी कैदी सोडले तेही निवडून, शियांना वेगळं काढलं नि सहाशेच्या आसपास माणसं खड्ड्याच्या काठावर बसवून गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी तिक्रितजवळ स्पायकर तळावरची दीड हजाराच्या वर कोवळी शिकाऊ सैनिक पोरं मारली. २९ जूनला खिलाफत जाहीर.

याच बदूशची माती आपल्याशीही जोडलेली आहे. मोसुलमध्ये बांधकामावर असलेले आपले ३९ मजूर, पंजाबचे २७, बाकी बिहार, हिमाचल आणि बंगालचे, जूनमध्ये पळवले. जवळपास चार वर्षं घरच्यांनी वाट बघितली. शेवटी बदूशच्या एका टेकाडात रडारने शोध घेऊन प्रेतं काढली, लांब केस, कडं, इराकी नसलेले बूट यावरून अंदाज आला आणि मग डीएनए जुळवले. २० मार्च २०१८ ला सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं. पोटासाठी गेलेली माणसं होती ती.

आणि आमचं कल्याण. मे २०१४ मध्ये इथली चार तरुण मुलं यात्रेकरूंच्या ग्रुपबरोबर बगदादला गेली आणि तिथून गायब होऊन आयसिसकडे. एकजण नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानमार्गे परत आला, एनआयएने पकडलं. तेव्हा आमच्या शहराबद्दल काय काय छापलं गेलं ते मी विसरलो नाही. मोहल्ल्यातल्या पोरांना भाड्याने घर मिळेना, ऑफिसात लोक वेगळं बघायला लागले. ती चार मुलं चुकली यात वाद नाही, पण ३०-४० हजार लोक जगभरातून तिकडे गेले, त्यात ट्युनिशिया, सौदी, रशिया, फ्रान्सचे हजारांनी होते आणि एवढ्या मोठ्या भारतातून मोजके. सप्टेंबर २०१५ मध्ये देशभरातल्या हजारावर मौलवी-मुफ्तींनी आयसिसच्या विरोधात फतवा काढला, त्याच्या सह्या गोळा करण्याचं काम मुंबईतून झालं होतं. त्याला किती जागा मिळाली? चार मुलांना मिळाली त्याच्या पावपटसुद्धा नाही.

हेच मरणाऱ्यांच्या बाबतीत. नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० माणसं गेली, आपण पानं भरून वाचलं, वाचायलाच पाहिजे होतं. पण ३ जुलै २०१६ ला बगदादच्या कर्रादा बाजारात, ईदच्या खरेदीच्या गर्दीत, ट्रक फुटला आणि तीनशेच्या वर माणसं जळाली, ते किती जणांना आठवतं? आयसिसने सर्वात जास्त मारले ते मुसलमानच. आणि उत्तर इराकमधल्या यझिदी या छोट्या धर्मसमाजाचं तर काय सांगावं, ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजारमध्ये घुसून पुरुष मारले, सहा हजारांवर बायका-मुलं गुलाम म्हणून नेली, बाजारात विकली. त्यातल्या नादिया मुराद यांना २०१८ चं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे छान लेख आले होते, पण अडीच हजारांच्या आसपास माणसं अजून सापडलेली नाहीत, त्याचं पुढे कोणी काही लिहीत नाही.

पुढचं बरंचसं आपल्या वाचकाला माहीत आहे. २०१७ मध्ये मोसुल आणि सीरियातली त्यांची राजधानी रक्का सुटलं, मार्च २०१९ मध्ये सीरियातलंच बागूझ हे शेवटचं गाव. पण तोपर्यंत नायजेरियापासून खोरासानपर्यंत, म्हणजे अफगाणिस्तानच्या बाजूपर्यंत, शाखा निघाल्या होत्या. झालं असं की नायजेरियातली बोको हराम असो नाहीतर पाकिस्तानी तालिबानमधले फुटलेले असोत, आपलं जुनं भांडण घेऊन हे नवीन नाव लावायचं. मूळ दुकान बंद पडलं तरी शाखा चालू. श्रीलंकेतला २०१९ चा ईस्टर, काबूलच्या गुरुद्वारात मार्च २०२० मध्ये गेलेले २५ जण, ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल विमानतळाच्या गेटवर, मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस हॉलमध्ये, सगळीकडे तेच नाव. आज जास्त माणसं मरतायत ती आफ्रिकेत, आणि आफ्रिकेची बातमी तर आपल्याकडे आतल्या पानावर तीन ओळींत.

संपादकसाहेब, मुद्द्यावर येतो. बागूझ पडल्यावर तिथून निघालेली बायका-मुलं ईशान्य सीरियातल्या अल होल छावणीत भरली, एका वेळी सत्तर हजारांच्या वर, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. पुरुष नि मोठी पोरं जेलमध्ये. बऱ्याच देशांनी स्वतःचे नागरिक वर्षानुवर्षं परत घेतले नाहीत, नागरिकत्व काढून घेतलं नि हात झटकले. पहाऱ्याला कुर्दांची फौज होती, तिलाच उद्याची खात्री नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये आयसिसने तिथल्याच हसाका शहराच्या तुरुंगावर हल्ला केला, दहा दिवस लढाई चालली, सुरक्षा दलाचे शंभरावर गेले, आत शेकडो अल्पवयीन पोरं अडकली होती. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाले आणि तिथली सगळी गणितं परत बदलली. म्हणजे झरकावीचा जेल, बुका, अबू गरीब, बदूश, हसाका, ही ओळ सरळ दिसते आहे आणि तरी आपल्या पेपरात "म्होरक्या ठार" याला आठ कॉलम आणि त्या तंबूंमधल्या मुलांना काहीच नाही.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्याकडे परराष्ट्र विषयावर लिहिणारे चांगले लोक आहेत. अल होलमधल्या मुलांचं काय झालं, कुठल्या देशांनी किती परत घेतली, हसाकाच्या कैद्यांवर खटले कधी नि कोण चालवणार, बाल्यावस्थेतलं सीरियाचं नवं सरकार हे कसं सांभाळतंय, यावर रविवारच्या पुरवणीत नीट मोठा लेख द्या. एकदा देऊन थांबू नका, सहा महिन्यांनी परत विचारा. आणि सिंजारच्या बेपत्ता लोकांचाही त्यात उल्लेख असू द्या.

आपला,
एक जुना वाचक
कल्याण